अभ्यासाची जागा : परळ ते तळवडे



परीक्षेला बसणाऱ्या मुलाने अभ्यास कोठे करावा, ह्याविषयी पुष्कळ उपदेश ऐकावयास मिळतो. खोली शांत असावी, उजेड भरपूर असावा, टेबल-खुर्ची मापाची असावी, आसपास बोलण्याचालण्याचा गलबला नसावा. हा उपदेश खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. तो ज्याच्याजवळ खोली आहे त्याला केलेला उपदेश आहे, इतकेच. तळवड्याच्या ज्या वस्तीत आम्ही कामगार संघटनेचे काम करतो, तेथे दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच माणसे राहतात. त्यांतला एक रात्रपाळी करून सकाळी झोपतो, दुसरा दुपारपाळीला निघण्याच्या तयारीत असतो, आणि दहावीतली मुलगी ह्या दोघांच्या मध्ये पुस्तक धरून बसते. तिला टेबलाचे माप सांगून काय उपयोग?

म्हणून आज आम्ही उपदेश न करता थोडा इतिहास सांगणार आहोत. कष्टकऱ्यांच्या मुलांनी गेल्या दीडशे वर्षांत अभ्यास कोठे केला, ती जागा त्यांना कोणी दिली, आणि जेथे कोणी दिली नाही तेथे त्यांनी ती कशी काढली, हा तो इतिहास. शाळा-महाविद्यालयांच्या कोनशिला असतात, त्यांचे सुवर्णमहोत्सव होतात. चाळीच्या जिन्याला किंवा बागेतल्या बाकाला कोनशिला नसते, त्यामुळे ही हकीगत इकडेतिकडे विखुरलेली आहे.

आमच्या भागापुरते बोलावयाचे तर आरंभ शेजारच्या देहूपासूनच करावा लागेल. तुकाराम महाराज भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर ह्या डोंगरांवर एकांतासाठी जात, अशी परंपरा आहे. भाविक मंडळी ह्या गोष्टीकडे भक्तीच्या दृष्टीने पाहतात, आणि ते योग्यच आहे. पण आम्हा संसारी माणसांना त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दुकान, देणेकरी आणि घर सांभाळणाऱ्या माणसाला वाचना-चिंतनासाठी घराबाहेर, गावाबाहेर, डोंगर चढून जावे लागले. चारशे वर्षांपूर्वीच्या इंद्रायणीकाठीही एकांत घरात मिळत नव्हता!

डोंगर सर्वांना जवळ नसतो, आणि मजुराला तर तो चढावयास वेळही नसतो. ही अडचण महाराष्ट्रात प्रथम ओळखली ती जोतीराव फुले यांनी. 1848 साली त्यांनी मुलींची शाळा काढली हे सर्वांना ठाऊक आहे. 1855 साली त्यांनी व सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी आपल्या राहत्या घरी रात्रीची शाळा सुरू केली, ह्याचा उच्चार मात्र कमी होतो. आमच्या मते ह्या दुसऱ्या गोष्टीत मोठी दृष्टी आहे. दिवसभर राबणाऱ्याला शिकावयाचे असेल तर त्याच्या शाळेला सूर्य मावळल्यावर दार उघडावे लागेल, आणि त्या दाराआड दिव्याचे तेल दुसऱ्या कोणीतरी घालावे लागेल, हे त्यांनी जाणले होते.

त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आम्ही कामगार मंडळी आदराने घेतो. 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या ज्या सभा त्यांनी भरविल्या, त्यांत साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या वाचून पाहाव्यात : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. रविवारची सुटी 10 जून 1890 रोजी मान्य झाली. ह्या मागण्यांत अभ्यास हा शब्द कोठेही नाही. पण आठवड्यातून एक मोकळा दिवस आणि दररोजची एक मोकळी संध्याकाळ मिळाल्यावाचून कामगाराच्या हाती पुस्तक येणार कसे? वाचनालयात आज रविवारी जो कोणी बसतो, त्याच्या त्या बाकावर लोखंड्यांचा थोडा हक्क आहे.

येथे इतिहासाने एक विचित्र थट्टा केली. मागणीत 'सूर्यास्तापर्यंत' हा शब्द होता, कारण गिरणीत दिवसाच्या उजेडावर काम चाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि काही ठिकाणी कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. म्हणजे मागाच्या धाग्यावर विजेचा उजेड पडला, तेव्हा कामगाराच्या पोराच्या पाटीवर चिमणीचाच धूर होता. आणि त्या नव्या उजेडाने त्याच्या बापाची संध्याकाळही नेली. पुढे कायद्याने तास कमी होत गेले : 1911 साली कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांना बारा, 1922 साली दिवसाला अकरा व आठवड्याला साठ, 1934 साली दहा व चोपन्न, आणि 1946 साली नऊ व अठ्ठेचाळीस. हे आकडे रुक्ष वाटतील. परंतु दिवसाच्या तासांतला प्रत्येक उतार म्हणजे एका घरात एक तास दिवा पुस्तकासाठी लागण्याची शक्यता, असे ते वाचले पाहिजेत.

1911 साली नारायण मल्हार जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिने कामगारवस्तीत रात्रशाळा चालविल्या, वाचनालये उघडली, फिरती ग्रंथालये पाठविली. जोशी पुढे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या 1920च्या स्थापनेत होते. आधी वाचनालय आणि मग युनियन, हा क्रम आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. हल्ली युनियनच्या कचेरीत फलक पुष्कळ आणि पुस्तके थोडी दिसतात.

आता परळच्या एका खोलीकडे वळू. सैन्यातून निवृत्त झालेले रामजी सुभेदार मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईस आले आणि परळला डबक चाळीत एका खोलीत कुटुंब घेऊन राहिले. स्वयंपाक, पाहुणे, झोप, सारे तेथेच. भीमरावांच्या चरित्रकारांनी ह्या खोलीचे वर्णन केले आहे : उशाशी जाते, पायथ्याशी शेळी, आणि मध्ये विद्यार्थी. सुभेदारांनी तोडगा काढला तो असा की मुलाने लौकर निजावे, बापाने रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहावे, मग मुलाला उठवून स्वतः त्या जागेवर अंग टाकावे. त्या रात्री अभ्यासाची जागा म्हणजे बापाने आपल्या झोपेतून कापून दिलेला तुकडा होता. आम्ही ही गोष्ट वस्तीत पुष्कळदा सांगितली आहे. ऐकणारे मुलाच्या बुद्धीचे कौतुक करतात. आम्ही त्यांना बापाच्या जागरणाकडे बोट दाखवितो.

शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे. घरी बसावयास जागा असती तर तो बागेत कशाला गेला असता? त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी येत. त्यांची नजर ह्या वाचणाऱ्या मुलावर पडली. 1907 साली तो मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी त्याला आपले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या महाराजांकडे शब्दही टाकला. सार्वजनिक जागेचा हा गुण खाजगी खोलीला कधीच येत नाही : तेथे आपल्याला कोणीतरी पाहतो.

पुढे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत ह्या कुटुंबाला दोन खोल्या मिळाल्या. लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या वाचनगृहात बाबासाहेब दिवसभर बसत, हे प्रसिद्धच आहे. पण आम्हांला महत्त्वाचे वाटते ते त्यांनी परत आल्यावर काय केले ते. 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, आणि 1925च्या जानेवारीत तिने सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह उघडले. मुंबईत मोफत वाचनालयही चालविले. 1946 साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, कारण विद्यार्थी दिवसा नोकरी करणारे असणार. ज्याने स्वतः अभ्यासाच्या जागेसाठी हाल सोसले, त्याने वेळापत्रक बनविताना गरिबाच्या दिवसाचे तास मोजले.

रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठ्या झालेल्या माणसांच्या कथा आपल्याकडे फार लोकप्रिय आहेत. गोपाळराव गोखल्यांविषयी ती सांगतात, इतरांविषयीही सांगतात. आम्हांला त्या कथांचा थोडा राग येतो, हे कबूल केले पाहिजे. माणसे थोर होती यात शंका नाही. पण कथा सांगणारा दिव्याच्या खांबाचे असे कौतुक करतो की जणू घरात दिवा नसणे ही एक शिष्यवृत्तीच होती! त्याच खांबाखाली बसून नापास झालेल्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

वसतिगृहांचा इतिहास मोठा आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून तो धावता घेतो. राजर्षी शाहूंनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला पाठबळ दिले आणि मग जातीजातींची वसतिगृहे उभी करविली. कर्मवीर भाऊरावांनी 1924 साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले. ते चालविण्यासाठी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले. पुण्यात 1955 साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहायक समिती काढली. ही सर्व माणसे एकच गोष्ट ओळखून होती की फी माफ केल्याने विद्यार्थी शिकत नाही, त्याला रात्री पाठ टेकावयास आणि पहाटे पुस्तक उघडावयास जागा लागते.

आता आमच्या पट्ट्याकडे येऊ. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, आणि त्याच्याबरोबर कामगारांची वसाहत झाली. घर लहान, पण त्याला दार होते, वीज होती, शेजारी शाळा आणि मैदान होते. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, भोसरी-पिंपरी-आकुर्डीत कारखान्यांची रांग लागली. 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण झाले ते कामगारांना परवडणारी घरे द्यावयाची म्हणून. त्या काळच्या कायम कामगाराची मुले इंजिनियर, शिक्षक झाली, त्याचे श्रेय सर्वजण बापाच्या कष्टाला देतात. कष्ट तर आजचा कंत्राटी कामगारही करतो. फरक आहे तो कायम नोकरीने दिलेल्या त्या दाराच्या कडीचा.

तळवडे 1997 साली महापालिकेत आले. एका बाजूला सॉफ्टवेअरवाल्यांच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला ज्योतिबानगरची लहान वर्कशॉपे, पत्र्याच्या शेड, प्रेसचा ठोका, आणि त्याला लागून रुपीनगरच्या खोल्या. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या संरक्षित पट्ट्यामुळे, ज्याला लोक रेड झोन म्हणतात, ह्या भागात बांधकामावर निर्बंध आहेत. माणसे तर येऊन राहिली आहेत. खोल्यांवर खोल्या चढल्या आहेत. चारचौघांच्या उपयोगाची नवी इमारत मागावयास गेले की मात्र निर्बंधाचा कागद पुढे येतो.

म्हणून पैशाची अभ्यासिका आली. पुण्याच्या सदाशिव पेठेत, नव्या पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी ती आधी निघाली, मग आमच्याकडे. लाकडी आडपडदा घातलेले टेबल, दिवा, मोबाइल लावावयास प्लग, वर थंड हवा, महिन्याची फी. ज्यांना परवडते त्यांनी जरूर जावे. आमची तक्रार एवढीच की शांतता ही वस्तू आता पाण्याच्या बाटलीसारखी विकत मिळू लागली आहे, आणि 1967 साली ह्या राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला त्याचा हेतू हा खासच नव्हता.

मुलींची गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. मुलगा अभ्यासाला म्हणून मित्राच्या खोलीवर, देवळाच्या ओट्यावर, कारखान्याच्या गेटवरील पहारेकऱ्याच्या दिव्याशी बसतो. मुलीला हे कोणी करू देत नाही. 2019च्या नोव्हेंबरपासून शहरात एक दिवसाआड पाणी सुरू झाले. पाणी येण्याच्या वेळी हंडे-पिंपे भरण्यास घरातून कोण उठते, हे विचारून पाहावे. परीक्षेचे वेळापत्रक मंडळ लावते, पण मुलीच्या अभ्यासाचे वेळापत्रक नळ लावतो. मग 2020च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, वाचनालये बंद, शाळा फोनवर. घरात फोन एक, आणि तो बापाच्या खिशात. त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, पुढच्या वर्षी सगळी परीक्षाच. परीक्षा नाही म्हणून पोरांनी उड्या मारल्या, पण आमच्या वस्तीतल्या काही मुली त्यानंतर शाळेच्या वाटेस परत लागल्या नाहीत, त्या पॅकिंगच्या कामाला लागल्या.

आम्ही स्वतः नववीत शाळा सोडली. पुढचे जे काही वाचन झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि दुसऱ्या पाळीहून आल्यावर युनियनच्या कचेरीत. त्यामुळे कचेरीची किल्ली आपल्या हाती आली तेव्हा पहिले काम आम्ही हे केले की संध्याकाळी सातनंतर सभा ठेवावयाची नाही. ते टेबल मुलांचे. आठ जण दाटीने बसतात, परीक्षेच्या दिवसांत बारा. मुलींना साडेनऊला कोणीतरी सभासद स्त्री घरापर्यंत पोहोचविते. ही पाळी फळ्यावर लिहिलेली असते आणि ती चुकविणाऱ्याला विचारणा होते.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील मागणीपत्रकात आम्ही दोन कलमे घातली. एक असे की दुसऱ्या पाळीचे जेवण आटोपल्यावर कॅन्टीनची जागा अप्रेंटिस पोरांना अभ्यासास मिळावी. दुसरे असे की जो कामगार मुक्त विद्यापीठाच्या, आयटीआयच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही परीक्षेस बसला असेल त्याला आधीचा एक महिना पहिली पाळीच द्यावी, पाळी फिरवू नये. दर आठवड्याला झोपेची वेळ बदलणाऱ्या माणसाला पाठांतर राहत नाही, हे सांगावयास मानसशास्त्रज्ञ नको. वाटाघाटीत समोरचे गृहस्थ हसले. पगाराच्या करारात परीक्षा कशी काय, असे त्यांनी विचारले. आमच्यातल्याही काहींना हे कलम म्हणजे सौदा करताना सोडून द्यावयाचे कलम वाटत होते, आणि शेवटच्या बैठकीत ते सोडून आणखी पन्नास रुपये घ्यावेत असा आग्रह झाला. मतदान घेतले. कॅन्टीनचे कलम सुरक्षिततेच्या सबबीवर गेले. पहिल्या पाळीचे राहिले. त्या वर्षी सात जणांनी त्याचा लाभ घेतला, चार जण पास झाले. नापास झालेल्या तिघांनी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज दिले. ते घ्यावेत की नाहीत असा वाद निघाला, आणि करारात 'परीक्षा' असा शब्द आहे, 'पास' असा नाही, हे आम्ही दाखवून दिले.