कोपरांतील अरुंद वाट

कोपर दाराच्या कडेवर आपटलें म्हणजे करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती लहानथोर सर्वांच्या परिचयाची आहे. हाडाला लागलें असें आपण म्हणतों. वस्तुतः लागतें तें एका मज्जातंतूला. अल्नर नांवाचा हा तंतु मानेच्या तळाशीं उगम पावून दंडांतून खालीं येतो, कोपराच्या आंतील उंचवट्यामागच्या खोबणींतून वळसा घेतो, आणि करंगळीला व अर्ध्या अनामिकेला स्पर्शज्ञान देऊन पंजांतील बहुतेक लहान स्नायू चालवितो. कोपराशीं तो कातडीखालीं जवळजवळ उघडाच असतो. ह्या बोटभर जागेचा इतिहास वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

रोग कोपरांत आणि तक्रार बोटांत, असा येथील प्रकार आहे. शिवाय इजा बाळपणची आणि तक्रार प्रौढपणची, असेंही कित्येकदां घडतें. १८७८ सालीं पॅरिस येथील ग्रीक वंशाचे शस्त्रवैद्य फोटिनोस पानास ह्यांनीं ह्या तंतूच्या पक्षाघाताचें एक अल्पपरिचित कारण म्हणून कोपराच्या जुन्या दुखापतीकडे लक्ष वेधिलें. मुलाचें हाड मोडतें, वांकडें जुळतें, आणि घरचीं माणसें तें विसरून जातात. परंतु तंतु मात्र त्या वांकड्या सांध्यावरून रोज ताणला जातो. पुढें केव्हां तरी करंगळी बधिर होते व पंजा झिजूं लागतो. अमेरिकन वैद्य रॅमसे हंट ह्यांनीं १९१६ मध्यें ह्याला उशिरां येणारा पक्षाघात म्हटलें, तें यथार्थच होय.

झीज ओळखण्याची एक सोपी खूण पहिल्या महायुद्धाच्या काळांत मिळाली. अंगठा व तर्जनीची कड ह्यांमध्यें कागद धरावयास सांगून तो ओढला, तर अशा रोग्याच्या अंगठ्याचें टोंक वांकतें. कारण अंगठा सरळ ठेवून दाबणारा स्नायु दुबळा झालेला असतो. ही परीक्षा १९१५ मध्यें फ्रान्सच्या जूल फ्रोमां ह्यांनीं सांगितली.

उपायाच्या बाबतींत मात्र दीर्घकाळ मतभेद राहिला. न्यूयॉर्कचे फार्कर कर्टिस ह्यांनीं १८९८ मध्यें तंतु खोबणींतून उचलून कोपराच्या पुढील बाजूस आणून ठेविला. १९४२ मध्यें जेम्स लर्मंथ ह्यांनीं तो तेथील स्नायूंखालीं खोल नेण्याची रीत सांगितली. तंतु हलविलाच पाहिजे, हें दोघांनींही गृहीत धरिलें होतें. लिव्हरपूलच्या जेफ्री ऑस्बोर्न ह्यांनीं १९५७ मध्यें निराळा विचार मांडला. खोबणीच्या पुढें, मनगट वांकविणाऱ्या एका स्नायूच्या दोन मुळांमध्यें एक चिवट पट्टी असते. कोपर वांकविलें कीं ती आवळते. त्यांनीं ती पट्टी कापून तंतु जागच्या जागीं राहूं दिला. पुढच्याच वर्षीं कॅनडांतील फाइंडेल व स्ट्रॅटफर्ड ह्यांनीं ह्या वाटेला कोपराचा बोगदा ह्या अर्थाचें नांव दिलें. २००५ मध्यें नेदरलंड्समधील १५२ रोग्यांच्या तुलनेंत दोन्ही शस्त्रक्रियांचा गुण सारखाच आला, उपद्रव मात्र साध्या शस्त्रक्रियेंत कमी झाले. सांधा वांकडा असेल किंवा तंतु खोबणींतून निसटत असेल, तर तो हलविण्याचें कारण अजूनही राहतेंच.

आपल्या देशांत ह्या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. कुष्ठरोगाचे जंतू ज्या तंतूंना विशेषेंकरून ग्रासतात, त्यांत हा प्रमुख आहे. कोपराच्या किंचित् वर तो सुजतो आणि अरुंद वाटेंत आपल्याच सुजेनें चेंगरतो. बोटें आंत वळतात, आणि माणूस लाजेनें हात लपवूं लागतो. १९४६ मध्यें वेल्लोरला आलेले पॉल ब्रँड ह्यांनीं शाबूत स्नायूंच्या कंडरा दुसरीकडे जोडून अशीं बोटें पुन्हां सरळ केलीं. ज्या हातांची आशा घरच्यांनीं सोडली होती, ते पुन्हां कामाला लागले.

तथापि दीर्घकाळ झिजलेला स्नायु तंतु मोकळा केल्यावरही पूर्ववत् होईलच असें नाहीं. म्हणून करंगळी वारंवार बधिर होऊं लागली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करूं नये. वैद्याला हात दाखवितांना बाळपणीं कोपर मोडलें होतें काय, हें घरांतील वडील माणसांना विचारून आठवणीनें सांगावें, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.