हरलेल्यांच्या लेकी

इतिहास जेते लिहितात, असे आपण म्हणतो. हरलेल्यांच्या बायकांचा इतिहास मात्र त्यांची स्वतःची माणसेही लिहीत नाहीत. जर्मनीत हेच घडले.

१९४५ मध्ये बर्लिन पडत असताना एका पत्रकार स्त्रीने रोजनिशी लिहिली. रशियन सैनिकांनी तिच्यावर व शेजारणींवर केलेले बलात्कार तिने आडपडदा न ठेवता नोंदवले. १९५९ मध्ये ती जर्मन भाषेत निनावी छापली गेली, तेव्हा जर्मन स्त्रीची बदनामी केल्याचा ठपका तिच्यावरच आला. आपल्या हयातीत पुस्तक पुन्हा छापू नका, असे तिने बजावले. २००१ मध्ये ती वारली. २००३ मध्ये पुस्तक निघाले आणि २००८ मध्ये माक्स फेर्बरबोक यांनी त्यावर चित्रपट काढला. त्यात लढाईवरून परतलेला तिचा प्रियकर वही वाचतो आणि निघून जातो. हेल्मा सांडर्स-ब्राम्स यांच्या १९८० च्या चित्रपटात लेकच आईची कहाणी सांगते. बॉम्बवर्षावातून लेकीला जगवणारी आई नवरा घरी आल्यावर मोडून पडते.

नाझींचे गुन्हे एवढे मोठे, की या बायकांनी आपले दुःख सांगावे कोणत्या तोंडाने? ही कोंडी आम्हा वऱ्हाडकरांच्या उंबरठ्यावरही आहे. वऱ्हाडाचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे होता. म्हणून १९४८ च्या पोलीस कारवाईत अमरावती-अकोला सुटले. पण वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते आणि पैनगंगेपलीकडे निजामाचा मुलूख सुरू होई. कारवाईनंतर तिथे काय झाले, हे पाहण्यासाठी नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आदींची समिती पाठवली. किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते. बायकांवरील बलात्कार व त्यांचे अपहरणही अहवालात नोंदले आहे. सरकारने तो अनेक दशके प्रसिद्ध केला नाही.

रझाकारांनी हिंदूंवर जुलूम केले, हे सत्य आहे आणि ते नाकारण्याचे आपल्याला कारण नाही. पण नांदेडची ती लेक रझाकार नव्हती. तिच्या तोंडाला कुलूप सरकारने घातले, तसे आपणही इज्जतीच्या नावाने घातले. शेजारधर्म पाळून मुसलमानांना वाचवणारे हिंदूही त्याच अहवालात आहेत. गप्प राहून आपण त्यांचीही आठवण पुसली.

तेव्हा पंधरा वर्षांच्या असलेल्या मुली आज नव्वदी ओलांडून गेल्या आहेत. घरात अशी एखादी दादी किंवा नानी असेल, तर ती बोलेल तेवढे लिहून ठेवा. आणि ऐकल्यावर त्या प्रियकरासारखे उठून जाऊ नका.