घोडे बदलताना

कल्याणहून पुढे लोकल निघाली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानकं लागतात. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० पासून उभं आहे. बदलापूरला पूर्वी स्वार घोडे बदलत, म्हणून हे नाव, असं जुनी माणसं सांगतात. टिकणं आणि बदलणं इथं शेजारी नांदतात. संगणकात मात्र त्यांचं भांडण मी अनुभवलं.

२००५ च्या सुरुवातीची गोष्ट. उल्हासनगरात संगणक जोडून देणाऱ्या माझ्या भाच्यानं मला 'डेबियन' ही लिनक्सवर चालणारी प्रणाली घालून दिली. मोफत आणि खुली. तिचा मूळ प्रोग्राम कुणीही वाचावा, सुधारावा. तो म्हणाला, "मामू, 'स्थिर' आवृत्तीत मराठी जोडाक्षरं नीट दिसत नाहीत. 'अस्थिर'मध्ये दिसतात, पण मग तक्रार करू नका."

मी अस्थिर घेतली. महिनाभर छान चाललं. एका रात्री नवे भाग उतरवून घेतले आणि सकाळी पाहतो तर पडद्यावर 'दुसऱ्या' या शब्दाचे तुकडे! दोन दिवसांत संग्रहाचं हस्तलिखित द्यायचं होतं. चाळीस कविता पुन्हा हातानं उतरवल्या.

ही काय भानगड, म्हणून मग वाचत गेलो. लिनक्सच्या गाभ्यात पूर्वी सम आकडा स्थिर आवृत्तीला आणि विषम प्रयोगाला असे. २.४ ही स्थिर आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये आली, पुढची, २.६, थेट डिसेंबर २००३ मध्ये. तोवर धीर न निघून कंपन्या प्रयोगातले भाग आपापल्या २.४ ला जोडू लागल्या. नाव स्थिर, पण वस्तू प्रत्येकाकडे वेगळी! २००४ मध्ये लिनस तोरवाल्ड्स आणि सहकाऱ्यांनी ही रीत सोडली. नवं थोडं थोडं आणि लवकर घ्यायचं ठरलं. मार्च २००५ पासून निव्वळ दुरुस्त्यांची वेगळी शाखा सुरू झाली.

१९९३ मध्ये इयन मर्डॉकनं सुरू केलेल्या डेबियननं २००० पासून तीन पायऱ्या ठेवल्या : अस्थिर, चाचणी, स्थिर. पहिल्या पायरीवर काही दिवस मोठा दोष निघाला नाही, तर दुसरी. मग सगळं गोठवून, दोष काढून तिसरी. पण जुलै २००२ नंतरची स्थिर आवृत्ती जून २००५ मध्ये आली. दरम्यान, ऑक्टोबर २००४ मध्ये डेबियनच्याच अस्थिर सामग्रीवर 'उबुंटू' निघाली. दर सहा महिन्यांनी नवी. तिलाही २००६ मध्ये दीर्घकाळ सांभाळायची आवृत्ती काढावी लागली. डेबियननं पुढे साधारण दोन वर्षांचा पल्ला धरला. पुण्यात मुख्यालय असलेल्या 'सी-डॅक'नं आपली 'बॉस' प्रणालीही डेबियनवरच उभारली.

स्थिर म्हणजे थांबलेलं नव्हे. जुन्या आवृत्तीत सुरक्षेचं छिद्र सापडलं, की बाकी काही न हलवता तेवढंच बुजवायचं. हे काम कुणीतरी रोज करतं, आणि ते कुणाला दिसत नाही.

जूनमध्ये भाच्यानं नवी स्थिर आवृत्ती घातली. 'दुसऱ्या' सलग उमटला. माझ्यासारखेच अस्थिर वापरणाऱ्या, पण दोष सापडताच कळवणाऱ्या माणसांनी तो शब्द जोडला होता. मी मात्र नुसती कुरकुर केली. एकही दोष कळवला नव्हता.