एक लिटर पेट्रोल, दहा हजार लिटर हवा

शिरूर तालुका म्हटलं की ऊस आठवतो, रांजणगावचा महागणपती आठवतो, नगर रोडचं ट्रॅफिक आठवतं. स्पोर्ट्स कार काही आठवत नाही. पण २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये फियाटनं भारतात ‘अबार्थ पुंटो’ आणली, आणि ती तयार होत होती रांजणगावच्या एमआयडीसीत. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत असा कंपनीचा दावा, आणि एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या आत. कट्टर लोक म्हणतील, ही स्पोर्ट्स कार नाही, हॉट हॅच आहे. म्हणू देत. त्या किमतीत तेवढी ताकद देणारी दुसरी गाडी तेव्हा शोधून सापडत नव्हती.

अशी गाडी हातात आली की पहिला प्रश्न एकच असतो : आता हिला अजून पळवायची कशी? आणि पहिलं उत्तरही ठरलेलं असतं : इनटेक बदल. म्हणजे कंपनीचा काळा प्लास्टिकचा डबा काढायचा, त्या जागी चकचकीत पाइप आणि शंकूच्या आकाराचा लाल फिल्टर बसवायचा. दहा-वीस हजार रुपये जातात. बॉनेट उघडलं की दिसायला झकास दिसतं. ॲक्सिलरेटर दाबला की ‘फुस्स’ असा आवाज येतो. गाडी खरंच जास्त पळते का, हे मात्र कुणी मोजत नाही.

हे मोजायला अबार्थ या नावाचाच इतिहास उपयोगी पडतो. आणि उत्तराचा उरलेला अर्धा भाग न्हावऱ्याच्या आसपासच्या धुळीत आहे.

इंजिन हवेवर चालतं

आपण पेट्रोलचे पैसे देतो, म्हणून आपल्याला वाटतं इंजिन पेट्रोलवर चालतं. हिशोब करून बघा. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आत-बाहेर, म्हणजे हवा लागली जवळपास अकरा किलो. पुणे जिल्ह्याच्या उंचीवर, तिशीतल्या तापमानात, अकरा किलो हवा म्हणजे दहा हजार लिटर. टाकीतलं एक लिटर जळतं तेव्हा इंजिन दहा हजार लिटर हवा ओढून घेतं.

पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे. अवघड आहे ती हवा आत भरणं. त्यामुळे इंजिनची ताकद वाढवण्याचा इतिहास हा बराचसा हवा कोंबण्याचा इतिहास आहे. १९०५ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी इंजिनच्या धुरावर फिरणाऱ्या कॉम्प्रेसरचं पेटंट घेतलं. तोच आजच्या टर्बोचा पूर्वज. १९२३ मध्ये मोंझाच्या शर्यतीत फियाटची ८०५ जिंकली. सुपरचार्जर लावून ग्राँ प्री जिंकणारी ती पहिली गाडी. म्हणजे ‘जास्त हवा, जास्त ताकद’ या विचारात खोट नाही. विचारायचं एवढंच, की तुमच्या गाडीत हवा नेमकी कुठे अडकलीय.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हेच असतं. प्रोग्रॅम हळू चालतोय म्हणून दिसेल तो कोड फास्ट करून उपयोग नसतो. वेळ कुठे जातोय ते आधी मोजावं लागतं. जिथे वेळ जातच नाही, ती जागा कितीही चकाचक केली तरी फरक शून्य.

लाकडी पेटीतली ताकद

कार्लो अबार्थ यांचा जन्म १९०८ चा, व्हिएन्नाचा. १९४९ मध्ये त्यांनी इटलीत स्वतःची कंपनी काढली. विंचू ही त्यांची रास, म्हणून कंपनीचं चिन्हही विंचू. रेसिंगला पैसा लागतो, आणि तो त्यांनी उभा केला साध्या गाड्यांसाठी सायलेन्सर आणि ट्यूनिंगचे पार्ट विकून. ज्याला आज आपण ‘आफ्टरमार्केट’ म्हणतो त्या धंद्याच्या मूळ पुरुषांपैकी हे एक.

फियाट ६०० ही त्या काळातली इटलीतल्या मध्यमवर्गाची गाडी. ६३३ सीसीचं इंजिन आणि जेमतेम वीस-बावीस हॉर्सपॉवर. अबार्थनं तिच्यासाठी सुट्या भागांची पेटीच विकायला काढली. ते भाग बसवले की इंजिन ७४७ सीसीचं व्हायचं आणि ताकद जवळजवळ दुप्पट. पेटीत काय असायचं याकडे लक्ष द्या. इंजिनची क्षमता वाढवणारे भाग होते, मोठा कार्बुरेटर होता, वेगळा सायलेन्सर होता. हवा आत येण्याची वाट, ती जिथे जळते ती जागा आणि धूर बाहेर जाण्याची वाट, तिन्ही एकत्र बदलायचं. नुसता फिल्टर बदलून ताकद दुप्पट झाली असती, तर एवढी मोठी पेटी विकायची गरजच नव्हती.

त्या काळात इनटेकला खरंच महत्त्व होतं. कारखान्यातून येणारा कार्बुरेटर लहान असायचा, कारण कंपनीला मायलेज आणि कमी किंमत हवी असायची. म्हणजे हवा खरोखर तिथेच अडकलेली असायची. आपल्याकडे आरएक्स १०० च्या पिढीनं हेच अनुभवलं. फिल्टर मोकळा केला की कार्बुरेटरचा जेटही बदलावा लागे, नाहीतर हवा जास्त आणि पेट्रोल कमी होऊन इंजिन तापायचं. चांगल्या मेकॅनिकला हे तोंडपाठ असे. ‘इनटेक बदला, गाडी पळते’ हा समज त्याच काळातून आपल्यापर्यंत आला. गाड्या बदलल्या, समज तसाच राहिला.

आजचा हिशोब

आता अबार्थ पुंटोचं बॉनेट उघडू. आजच्या गाडीत किती पेट्रोल टाकायचं आणि टर्बोनं किती दाब द्यायचा, हे ईसीयू म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. कंपनीच्या डब्यातल्या स्वच्छ कागदी फिल्टरमुळे पूर्ण ॲक्सिलरेटरवर हवेचा दाब साधारण एक-दोन टक्के घटतो. म्हणजे फिल्टर काढून फेकला, तरी १४५ हॉर्सपॉवरवर कमाल फायदा दीड ते तीन हॉर्सपॉवरचा. भारीतला भारी फिल्टरही थोडा अडथळा करणारच, त्यामुळे प्रत्यक्षात मिळेल ते त्याहून कमी. त्यात टर्बो गाडीत ईसीयू ठरलेला दाब गाठायला टर्बोकडून थोडं जास्त काम करून घेतो, त्यामुळे ही लहानशी घट बरीचशी आधीच भरून निघालेली असते. आणि पाय अर्धाच दाबलेला असेल, तर हवा थ्रॉटलच्या झडपेनंच अडवलेली असते. तेव्हा फिल्टर कुठलाही असो, फरक पडत नाही. मायलेज वाढण्याच्या गप्पा म्हणूनच पोकळ आहेत.

आता तोट्याची बाजू. हवा जितकी गरम तितकी विरळ. उन्हाळ्यात शिरूरला बाहेर ४० अंश आणि बॉनेटखाली ६० अंश धरले, तर तीच हवा सहा टक्क्यांनी विरळ होते. बहुतेक गाड्यांत कंपनीचा तो कुरूप डबा पुढच्या जाळीजवळून बाहेरची हवा घेतो. तो काढून उघडा शंकू इंजिनशेजारी लावला की गाडी स्वतःचीच गरम हवा ओढू लागते. इंटरकूलर थोडी भरपाई करतो, सगळी नाही. दोन टक्के कमवायला निघालो आणि सहा टक्के हातचे घालवून आलो, असा हा व्यवहार.

मग बॉनेटवर स्कूप लावून वेगानं येणारी हवा आत घेतली तर? ताशी १०० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. विमानाला किंवा ताशी ३०० नं पळणाऱ्या रेस कारला त्याचा उपयोग आहे. द्रुतगती मार्गावर तो स्कूप शोभेचा.

यावर अबार्थनंच उत्तर देऊन ठेवलंय. २००८ च्या सुमारास युरोपात अबार्थ ५०० साठी ‘एसेसे’ नावाचं किट आलं. त्यानं ताकद १३५ वरून १६० हॉर्सपॉवर व्हायची. त्या किटमध्ये एअर फिल्टर होता. पण सोबत ईसीयूचं नवं प्रोग्रॅमिंग होतं, नव्या स्प्रिंग होत्या आणि चांगले ब्रेकही होते. पंचवीस हॉर्सपॉवर आले ते मुख्यतः टर्बोला जास्त दाब द्यायला सांगणाऱ्या प्रोग्रॅममधून. फिल्टर त्याच्या मदतीला होता. आपल्या बाजारात मात्र मदतनीस एकटाच विकला जातो, आणि तोही हिरोच्या नावावर.

आवाजाची किंमत

तरी ज्यानं इनटेक बसवला तो शपथेवर सांगतो, गाडी हलकी झाली, पिकअप वाढला. तो खोटं बोलत नाही. त्याचे कान बोलतात. कंपनीचा डबा हवा गाळतो आणि आवाजही गिळतो. त्याचा आकार, त्याला जोडलेल्या लहानमोठ्या पोकळ्या ठरावीक सूर मारून टाकतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो सूर निघतो, त्याचं गणित हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात मांडलं. इथे तेच उलटं वापरलेलं असतं. डबा गेला की दडपलेला आवाज मोकळा होतो. आवाज वाढला की मेंदू वेग वाढल्याचं सांगतो.

आवाजासाठी पैसे मोजणं यात काही गैर नाही. कार्लो अबार्थ यांचं घर सायलेन्सरवरच चाललं, आणि लोक ते आवाजासाठीही घ्यायचे. फक्त पावतीवर ‘आवाज’ लिहिलं जावं, ‘हॉर्सपॉवर’ नको.

धुळीला विचारा

आता न्हावऱ्याकडे येऊ. गळीत हंगामात इथल्या रस्त्यावर घोडगंगा कारखान्याचं नाव घेतच उसाच्या ट्रॉल्या धावत आल्या. शेतातून डांबरीवर येणाऱ्या ट्रॅक्टरमागे धुळीचा पडदा असतो. याच धुळीपायी एअर फिल्टर घडत गेला. अमेरिकेत फ्रँक डोनाल्डसन नावाचा ट्रॅक्टर विकणारा माणूस होता. धुळीनं शेतकऱ्यांची इंजिनं झिजून जातायत हे त्यानं पाहिलं, आणि १९१५ मध्ये हवा गाळायचं साधन बनवायला घेतलं. त्याची कंपनी आजही फिल्टर बनवते.

आपल्या जुन्या ट्रॅक्टरचा ऑइल बाथ एअर क्लीनर त्याच वंशातला. हवा आधी तेलावरून जाते, धूळ तेलात बसते. ट्रॅक्टरवाला ते वाटीतलं तेल बघतो, चिखल झाला असेल तर बदलतो. फिल्टर काढला तर ट्रॅक्टर जास्त ओढेल, असं त्याला कुणी सांगून बघा. तो हसेल. इंजिनचं काम निघालं की पिस्टन, रिंगा आणि लायनरचं बिल किती येतं हे त्याला माहीत असतं.

लाल कापसाचे, तेल लावलेले फिल्टर प्रसिद्ध करणारी के अँड एन कंपनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली, मोटरसायकलच्या धंद्यातून. रेसमध्ये इंजिन पुन्हापुन्हा उघडलं जातं. आपल्याला तेच इंजिन दोन लाख किलोमीटर चालवायचं असतं. इथे आकडे फसवतात. एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९८ टक्के, तर फरक एका टक्क्याचा वाटतो. पण आत जाणारी धूळ एका टक्क्याची दोन टक्के झाली, म्हणजे दुप्पट. दर लिटर पेट्रोलमागे दहा हजार लिटर हवा, आणि ती शिरूरच्या रस्त्यावरची. गुणाकार तुम्हीच करा.

कायद्याचाही कोपरा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं, की कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी बदलता येत नाही. वॉरंटी आणि विम्याचे वाद पुढचे.

म्हणजे इनटेक कधीच कामाचा नाही का? आहे. मोठा टर्बो लावला, ईसीयू नीट ट्यून केला, हवेची मागणीच तीस-चाळीस टक्क्यांनी वाढवली, तर जुना डबा खरोखर अपुरा पडतो. तेव्हा बंद डब्यातला, बाहेरची गार हवा घेणारा इनटेक लावायचा, आणि आधी-नंतर डायनोवर मोजायचं. पण तो शेवटचा पार्ट आहे. आपण त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

रांजणगावात आता अबार्थ बनत नाही. त्याच कारखान्यातून २०१७ पासून जीप कंपास बाहेर पडू लागली. ज्यांच्याकडे अबार्थ आहे ते ती जपून वापरतात. त्यांच्यासाठी कार्लो अबार्थ यांच्या आयुष्यातला एक किस्सा. १९६५ मध्ये, ५७ व्या वर्षी, त्यांना स्वतःच्या कंपनीच्या रेस कारमध्ये बसून विक्रम करायचे होते, पण त्या अरुंद सीटमध्ये ते मावेनात. त्यांनी गाडी बदलली नाही. सफरचंदं खाऊन स्वतःचं वजन तीस किलोनं उतरवलं आणि विक्रम केले.

अबार्थ पुंटोचं वजन सुमारे १२०० किलो. त्यातले तीस किलो म्हणजे अडीच टक्के. १४५ हॉर्सपॉवरच्या गाडीला हे साडेतीन हॉर्सपॉवर वाढल्यासारखं आहे. कुठल्याही लाल फिल्टरपेक्षा जास्त, आणि धूळ एक कणही आत न जाता.