फोटोसाठी साडी

आमच्या कपाटात एक जुना फोटो आहे. बारा मुली, दोन रांगा, सगळ्यांच्या अंगावर काठपदराच्या साड्या, केसांत अबोलीचे गजरे आणि पुढे स्टुलावर एक ढाल. नवख्या माणसाला वाटेल, स्नेहसंमेलनात समूहगीत म्हणणाऱ्या मुली असाव्यात. तो खो-खोचा संघ आहे. १९८९ साली आमच्या कॉलेजनं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची ढाल जिंकली तेव्हाचा. गाव गुलबर्गाच, कलबुर्गी हे नाव नंतरचं. मागच्या रांगेत डावीकडून तिसरी मी.

सामना संपला तेव्हा आम्ही सलवार-कमीजमध्येच होतो. ओढण्या कमरेला करकचून गाठ मारलेल्या, गुडघे काळ्या मातीनं माखलेले. माझा डावा गुडघा खांबाजवळ आपटून फुटला होता, त्यावर पट्टी होती. फोटोग्राफर तयारच होता. पण आम्हाला सांगण्यात आलं, मुलींनो, उद्या साड्या नेसून या, फोटो नीट यायला हवा. मुलांच्या संघाचा फोटो मात्र त्याच संध्याकाळी, त्याच मैदानावर निघाला. हाफ पँटी, घामेजलेले बनियन, एकाच्या तर कपाळावर रक्त. तो फोटो कॉलेजच्या जिन्यात लागला आणि सगळे म्हणाले, काय पोरं आहेत!

आम्हाला याचं वाईट वाटलं का? छे. आम्ही आनंदानं साड्या नेसलो. माझी तर आईची इरकल होती. हे कबूल करून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल.

हा फोटो परवा बाहेर काढायला एक कारण झालं. ते शेवटी सांगते.

बी. ए. ला माझा विषय इतिहास. राजे, तह, लढाया सगळं होतं, खेळणारी बाई कुठल्या पानावर नव्हती. हमीदा बानू हे नाव मला कळलं ते मे २०२४ मध्ये, मोबाइलवर गूगलनं तिचं चित्र लावलं तेव्हा. मग मिळेल ते वाचत गेले. ही बाई उत्तर प्रदेशातली, अलीगढमध्ये नाव कमावलेली, पण तिची कहाणी बरीचशी आपल्या मुंबई राज्यात घडली. तेव्हा गुजरातही त्यातच होता. फेब्रुवारी १९५४ मध्ये तिनं जाहीर केलं, जो पुरुष मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. त्या वर्षात पतियाळा आणि कलकत्त्याच्या मल्लांना तिनं चीत केलं आणि मे महिन्यात बडोद्याला बाबा पहिलवानाला एक मिनिट चौतीस सेकंदांत लोळवलं. मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्टिलिनला तर एक मिनिटही टिकू दिलं नाही.

आता वर्तमानपत्रं काय लिहीत होती? डाव कुठला टाकला, पकड कशी केली, हे शोधावं लागतं. वजन १०८ किलो, उंची ५ फूट ३ इंच, हे ठळक. आणि जेवण! दूध किती लिटर, बदाम किती, लोणी किती, कोंबडी, मटण, अंडी, बिर्याणीच्या थाळ्या. मी सूर्यास्ताच्या आत चूल झाकणाऱ्या घरातली बाई, ती यादी वाचताना माझं डोकं गरगरलं हे खरं. पण पहिलवानाला खुराक लागतोच. आमच्या लहानपणी गावातल्या तालमीतल्या पोरांना कोण किती दूध पितो हे लोक कौतुकानं सांगायचे, मूठ छातीवर आपटून. तेच हमीदाच्या बाबतीत नवलाईचं, जत्रेतल्या तंबूत दाखवतात तसं झालं. नऊ तास झोपते, हेसुद्धा छापून आलं होतं.

महाराष्ट्रातले नावाजलेले मल्ल रामचंद्र साळुंके यांच्याशी तिची कुस्ती ठरली होती, ती कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. एकदा तिनं पुरुष मल्लाला हरवलं तर प्रेक्षकांनी हुर्यो केली, दगड मारले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. तिच्या कुस्त्यांवर बंदी येऊ लागली तेव्हा तिनं मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांना लिहिलं. उत्तर असं आलं की बंदी ती बाई आहे म्हणून नाही, कुस्त्या भरवणारे तिच्यापुढे लुटूपुटूचे मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे. असेलही तसं. नूरा कुस्ती काही बायकांनी शोधून काढलेली नाही, पुरुषांच्या आखाड्यात ती चालतच होती. पण संशय तिच्यावर आधी आला, कारण बाई जिंकली म्हणजे कुठेतरी काहीतरी गडबड असणार, हे लोकांनी आधीच धरलं होतं.

पुढचं वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही. युरोपात जाऊन कुस्ती करायची तिची तयारी होती. तिच्या नातवानं सांगितलेलं असं की, ज्या सलाम पहिलवानाच्या हाताखाली ती तयार झाली त्यानंच तिला जाऊ नये म्हणून काठीनं मारून हातपाय मोडले. नंतर ती मुंबईजवळ कल्याणला म्हशी पाळून दूध विकत राहिली, रस्त्याच्या कडेला खाण्याचे पदार्थही विकले. १९८६ मध्ये ती गेली. म्हणजे मी शाळेत असताना ती बाई कल्याणात जिवंत होती, आणि माझ्या एकाही पुस्तकात नव्हती.

लग्नाच्या पैजेकडे पुन्हा वळते, कारण मला ती सारखी टोचत राहते. ती पैज हमीदाची स्वतःची होती की तिकिटं खपावीत म्हणून कुणी सुचवलेली, देव जाणे. पण पुरुष पहिलवानानं कधी म्हटलंय का, मला जो हरवील त्याच्या घरी मी घरजावई जाईन?

पैज गेली, प्रश्न राहिला. आमचा बिदर-कलबुर्गीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानातला, पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातला. अजूनही मोठा दवाखाना, लग्नाचा बस्ता, सोनं म्हटलं की आमच्या बायका हैदराबादची बस धरतात. त्यामुळे सानिया मिर्झा आम्हाला परकी कधी वाटली नाही. २००५ च्या फेब्रुवारीत तिनं हैदराबादेतच डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकली, असं करणारी पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीपर्यंत गेली. आणि त्याच सप्टेंबरात तिच्या स्कर्टवरून एका मौलवीचा फतवा निघाला. कोलकात्याच्या स्पर्धेत तिच्याभोवती पोलिसांचं कडं ठेवावं लागलं. वय अठरा.

आमच्याकडे मात्र बायका म्हणाल्या, बघा, त्यांच्यात असं असतं. मला तेव्हाच हसू आलं होतं. वस्त्रावरून बाईची योग्यता ठरवायचा वाद आपल्याला काय नवीन आहे? मल्लिनाथ स्त्री की पुरुष यावर दिगंबर-श्वेतांबरांचं आजही एकमत नाही, आणि त्या वादाच्या मुळाशी स्त्रीचा देह आणि तिचं वस्त्रच आहे. तो विषय विद्वानांचा, मी त्यात पडत नाही. एवढंच की बोट दाखवण्याआधी आपलं अंगण झाडलेलं असावं.

फतवा काढणारे एका बाजूला ओढत होते, तर कॅमेरेवाले दुसऱ्या. त्याच महिन्यांत मासिकांच्या मुखपृष्ठांवर सानिया होती, पण रॅकेटपेक्षा नथनी, चष्मा, केस यांची चर्चा जास्त. एकाला स्कर्ट आखूड वाटतो, दुसऱ्याला पुरेसा आखूड वाटत नाही. हे मी गमतीनं म्हणत नाही. २०११ मध्ये जागतिक बॅडमिंटन महासंघानं नियमच केला होता की बायकांनी स्कर्ट घालूनच खेळावं, खेळ लोकांना आकर्षक वाटावा म्हणून. ओरड झाली, पुढच्या वर्षी तो गुंडाळला. २०२१ मध्ये नॉर्वेच्या मुलींनी वाळूवरच्या हँडबॉलमध्ये बिकिनीऐवजी साधी आखूड पँट घातली म्हणून १५०० युरो दंड झाला. पुरुष खेळाडू पँटच घालत होते. आमच्या साडीच्या फोटोत आणि त्या दंडात मला फारसा फरक दिसत नाही. तिकडे काढा म्हणाले, इकडे झाका म्हणाले. तुम्हाला कशात पळायला बरं पडतं, हे कोणी विचारलं नाही.

सानियाचं पुढचं ठाऊकच आहे. २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर, त्याच वर्षी मार्टिना हिंगिससोबत विंबल्डन. सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदं. २०१६ मध्ये तिचं आत्मचरित्र आलं, त्यानिमित्त एका नामवंत पत्रकारानं मुलाखतीत विचारलं, आता संसारात स्थिर कधी होणार, आई होण्याचं काय? तिनं शांतपणे सुनावलं की बायकांना आधी लग्न आणि मग मूल, एवढं झाल्याशिवाय कितीही विंबल्डन जिंकली तरी स्थिरस्थावर मानत नाहीत. त्या गृहस्थांनी तिथल्या तिथे माफी मागितली. कौतुक आहे. पण माझ्या मनात आलं, माफी मागायला तो तरी होता. आमच्या सोसायटीच्या जिन्यात हाच प्रश्न मी किती सुनांना विचारला असेल? मला कुठं कोणी उलट बोललं! २०१८ मध्ये तिला मुलगा झाला आणि २०२० च्या जानेवारीत होबार्टला ती पुन्हा दुहेरी जिंकली. त्या बातम्यांत वजन किती उतरवलं हेच आधी.

मराठी वर्तमानपत्रांची एक सवय मला आवडते, तीही सांगते. पळणाऱ्या मुलींना ते आगगाडीची नावं देतात. केरळची पी. टी. उषा पय्योली एक्स्प्रेस होती, तशी नाशिककडची कविता राऊत सावरपाडा एक्स्प्रेस, साताऱ्याच्या मोहीची ललिता बाबर माणदेशी एक्स्प्रेस. ऐकायला थोडं हसू येतं, पण बघा, त्या नावात नाक, डोळे, रंग काही नाही. गाव आहे आणि वेग आहे. ललिता २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. दुष्काळी माणदेशातली मुलगी. तिच्या लग्नाची चौकशी मी तरी कुठे वाचली नाही, आणि त्याचं मला फार बरं वाटलं.

सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही. तमिळनाडूच्या शांती सुंदरराजननं २००६ च्या दोहा आशियाई खेळांत ८०० मीटरचं रौप्यपदक जिंकलं, आणि ती बाईच नाही म्हणून ते काढून घेतलं. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची मुलगी. कुणी म्हणतं फार सुंदर, खेळाकडे लक्ष नसेल. कुणी म्हणतं सुंदर नाही, मग बाई तरी आहे का?

सांगलीची स्मृती मानधना तर आमच्या पै-पाहुण्यांच्या गावातली. २०१३ मध्ये महाराष्ट्राकडून खेळताना तिनं एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ धावा केल्या, तेव्हा आमच्याकडे फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. पुढे तिला देशाची लाडकी सुंदरी ठरवणारे शब्द आले आणि तिचं नाव घरोघरी झालं. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतानं विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेत तिच्या ४३४ धावा. आम्ही बायकांनी त्या रात्री टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवल्या, मी तर उभी राहिले होते. आणि महिनाभरात त्याच टीव्हीवर, त्याच बायका, तिचं लग्न का थांबलं यावर चवीनं बोलत होत्या. शेवटी तिला स्वतःला लिहून सांगावं लागलं की लग्न रद्द झालं आहे, आम्हाला एकांत द्या. त्या गप्पांत मी गप्प होते असं म्हणावंसं वाटतं. नव्हते.

आता फोटोचं कारण. माझ्या भावाची मुलगी भालकीला असते. विद्यापीठाच्या कबड्डी संघातून खेळली आहे, चढाईला जाते. या दिवाळीत तिचा बायोडाटा लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर आणि मराठी चांगलं, असं घरात मानतात. शिक्षण, उंची, रंग, मामाचं गाव सगळं लिहिलं. मग कबड्डी लिहायला गेले तर वहिनी म्हणाली, "अक्का, खेळाचं नका लिहू. पोरगी दांडगी असेल म्हणतील." मी पेन थांबवलं. आणि छंद या शब्दापुढे लिहिलं, वाचन, रांगोळी, पाककला. वर भाचीला फोन करून म्हटलं, साडीतला एखादा चांगला फोटो पाठव.

तिनं कबड्डीचा पाठवला. एका मुलीच्या पकडीतून सुटून हात रेषेकडे लांबवलेला, तोंड उघडं, कोपर सोललेलं. खाली लिहिलं होतं, "आत्या, रांगोळी मी शेवटची कधी काढली ते सांग."

मला उत्तर सुचेना. म्हणून कपाट उघडलं, खो-खोचा फोटो काढला, मोबाइलनं त्याचा फोटो घेऊन तिला पाठवला. लहानपणी माझ्या गुडघ्यावरचा व्रण दाखवून ती गोष्ट मी तिला शंभरदा सांगितली होती. लगेच तिचा फोन आला.

"अगं, हाच का तो सामना? मग पट्टी कुठाय?"

"साडीखाली," मी म्हटलं.