राखून ठेवलेला वेग

नव्या स्पोर्ट्स कारची सौम्य आवृत्ती आधी विकायची आणि जोमदार आवृत्त्या मागाहून एकेक बाहेर काढायच्या, ही कंपन्यांची हिकमतच आहे, असं पुष्कळजण म्हणतात. पोर्शे ९११चा इतिहास पाहिला, तर मला हे अर्धंच खरं वाटतं.

१९६३मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावानं आली. मधल्या शून्यावर प्यूजो कंपनीनं हक्क सांगितला, म्हणून ती ९११ झाली. इंजिन १३० अश्वशक्तीचं. १९६६मध्ये १६० अश्वशक्तीची ९११ एस निघाली. आदल्याच वर्षी पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाला काय वाटलं असेल!

पण १९७२ची कॅरेरा आरएस पाहा. शर्यतीत उतरायचं, तर नियमाप्रमाणे तशा पाचशे गाड्या बनवणं भाग होतं. म्हणून पत्रा पातळ केला, इंजिन २१० अश्वशक्तीचं केलं आणि मागं बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा दिला. हौसेखातर नव्हे, वेगात गाडीचा मागचा भाग उचलला जाऊ नये म्हणून. एवढ्या गाड्या खपतील का, हीच विक्रेत्यांना धास्ती. प्रत्यक्षात दीड हजारांहून अधिक बनल्या.

१९७४मध्ये, तेलटंचाईच्या सावटात, २६० अश्वशक्तीची टर्बो आली. बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर फिरणारी ही करामत पोर्शेनं ९१७ या गाडीवर अमेरिकेतल्या शर्यतींत पारखली होती. ती १९६३मध्ये दडवून ठेवणार कशी? ती हाती आलेलीच नव्हती!

२०१८मध्ये सादर झालेल्या पिढीचं तसं नाही. तिची टर्बो एस २०२०मध्ये आणि जीटी-३ २०२१मध्ये आली. तिथं मात्र हिकमतीचा आरोप मला मान्य आहे.