उत्तरेच्या सहलीमागचे युद्ध

मे महिना संपत आला की कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या डॉसन क्रीक या गावात कॅम्परगाड्यांची रीघ लागते. पिकअप ट्रकच्या पाठीवर बसवलेली छोटी खोली, तिच्यात गॅसची शेगडी, दोन माणसांपुरता पलंग, पाण्याची टाकी. सोबत जादा टायर. आणि पुढच्या सीटवर, काचेबाहेर नाक काढून बसलेले कुत्रे. या गावात ‘शून्य मैल’ असे लिहिलेला खांब आहे. तिथून निघालेला अलास्का हायवे व्हाइटहॉर्सवरून, क्लुआनी तळ्याच्या काठाने, सुमारे २,२०० किलोमीटरवरच्या डेल्टा जंक्शनपर्यंत जातो. आयुष्यात एकदा तरी हा प्रवास करायचाच, असा उत्तर अमेरिकेतल्या असंख्य कुटुंबांचा संकल्प असतो. त्यामागची भावना साधी आहे: कचेरी, कर, शेजारपाजार, सरकार हे सगळे मागे टाकून जिथे माणसाचा हात लागलेला नाही तिथे जायचे. ही भावना खोटी नाही, पण ज्या रस्त्यावर ती अनुभवली जाते त्याचा इतिहास नेमका तिच्या उलट आहे. हा रस्ता कुठून जावा, त्यावर वस्ती इतकी विरळ का असावी, प्रवाशाला आपले घर पाठीवर घेऊन का निघावे लागले, या सगळ्याची उत्तरे फेब्रुवारी १९४२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये झालेल्या एका लष्करी निर्णयात सापडतात. उन्हाळ्यातली ही सहल युद्धाने आखून दिलेली आहे, आणि ते ठाऊक नसेल तर वाटेत दिसणाऱ्या अर्ध्या गोष्टींचा अर्थ लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की अलास्काच्या रस्त्याची मागणी युद्धाच्या कितीतरी आधीची आहे. युद्धाने फक्त काम लवकर उरकले. मागणी जुनी होती हे खरेच. डोनाल्ड मॅक्डोनाल्ड हा अलास्कातला इंजिनिअर अनेक वर्षे तिचा पाठपुरावा करत होता. आणि स्लिम विल्यम्सची गोष्ट तर प्रत्येक कुत्रेवाल्या प्रवाशाला ठाऊक असायला हवी. नोव्हेंबर १९३२ मध्ये हा गडी अलास्कातल्या कॉपर सेंटरहून कुत्र्यांची घसरगाडी घेऊन निघाला, बर्फ संपल्यावर गाडीला चाके लावली आणि १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जाऊन थडकला. पुढे वॉशिंग्टनला जाऊन तो अध्यक्ष रूझवेल्ट यांनाही भेटला. अलास्कापर्यंत रस्ता होऊ शकतो एवढेच त्याला दाखवायचे होते. पण तो ज्या वाटेने आला ती ब्रिटिश कोलंबियाच्या पश्चिम भागातून, हेझल्टनवरून येणारी होती, आणि अलास्कातल्या लोकांनाही किनाऱ्याच्या बाजूचाच मार्ग हवा होता. सैन्याने निवडला तो पूर्वेकडचा, माळरानाच्या बाजूचा. कारण एकच: एडमंटनहून अलास्काकडे जाणाऱ्या विमानांसाठी कॅनडाने फोर्ट सेंट जॉन, फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स अशी धावपट्ट्यांची साखळी उभारली होती, आणि रस्त्याने त्या धावपट्ट्या जोडायच्या होत्या. शिवाय हा मार्ग समुद्रावरून होणाऱ्या हल्ल्यापासून लांब होता. युद्ध नसते तर काय झाले असते याचा पुरावाही हाताशी आहे. पश्चिमेकडचा स्टुअर्ट-कॅसियार रस्ता पुरा व्हायला १९७२ साल उजाडले. म्हणजे मागणीतून झालेला रस्ता वेगळ्या जागी, तीस वर्षे उशिरा आला. आज कॅम्पर ज्या वाटेने धावतात ती वाट विमानांची आहे.

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि मार्च १९४२ मध्ये डॉसन क्रीकच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकी सैनिक उतरू लागले. जूनमध्ये जपान्यांनी डच हार्बरवर बॉम्ब टाकले, अट्टू आणि किस्का ही बेटे घेतली, आणि कामाची घाई आणखी वाढली. दहा हजारांहून अधिक सैनिकांनी अनेक ठिकाणांहून एकाच वेळी जंगल तोडत आठ-साडेआठ महिन्यांत कच्चा रस्ता आरपार नेला. २० नोव्हेंबर १९४२ ला क्लुआनी तळ्याजवळच्या सोल्जर्स समिटवर फीत कापली गेली. या घाईने रस्त्यात एक खोट कायमची ठेवली. युकॉनच्या पश्चिम भागात जमिनीखालची माती बारमाही गोठलेली असते. वरचे शेवाळ आणि मुळांचा थर हे तिचे पांघरूण. बुलडोझरवाल्यांनी इतर ठिकाणच्या सवयीने ते खरवडून काढले, उन्हाळ्याचे ऊन थेट मातीवर पडले, आतला बर्फ वितळला आणि रस्त्याच्या जागी चिखल उरला; त्यात बुलडोझरच रुतून बसू लागले. मग उमगले की इथे काही खरवडायचे नसते. झाडे तोडून, फांद्यांसकट शेवाळावरच आडवी अंथरायची, त्यांवर ओंडके रचायचे, त्यांवर माती-खडी टाकायची, म्हणजे खालचा गारठा टिकतो. ही झाडे अंथरण्याची रीत सैनिकांनी हाताला फोड येईस्तोवर चालवली. बर्फ वितळण्याचे ते दुखणे आजही बरे झालेले नाही. डिस्ट्रक्शन बे ते बीव्हर क्रीक या पट्ट्यात डांबर जागोजागी फुगते आणि खचते, कडेला लहान झेंडे लावून धोक्याची जागा दाखवली जाते, आणि वेग कमी केला नाही तर कॅम्परमधले खण उघडून भांडी जमिनीवर येतात. त्या क्षणी प्रवासी रस्ते खात्याला बोल लावतो. गोठलेली जमीन तशीही अवघडच होती, पण घाईत आखलेली रेषा बदलणे पुढच्या पिढ्यांना परवडले नाही, म्हणून हा त्रास त्याच जागी राहिला.

हे काम कुणी केले, ही बाब दशकानुदशके बाजूला ठेवली गेली. रस्त्यावरच्या सैनिकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक कृष्णवर्णीय होते. ९३वी, ९५वी आणि ९७वी इंजिनिअर रेजिमेंट त्यांची. त्यांतले बहुतेक अमेरिकेच्या दक्षिणेकडचे, ज्यांनी असा हिवाळा कधी पाहिला नव्हता. अलास्काचे लष्करप्रमुख जनरल सायमन बकनर यांना कृष्णवर्णीय तुकड्या नकोच होत्या. हे लोक युद्धानंतर इथेच राहतील आणि स्थानिकांशी सोयरीक करतील अशी भीती त्यांनी लेखी व्यक्त केली होती. म्हणून या तुकड्यांना वस्त्यांपासून दूर, रानात ठेवले गेले. ९५व्या रेजिमेंटची जड यंत्रे गोऱ्या तुकडीला दिली गेली आणि हिच्या हाती कुऱ्हाडी, करवती, फावडी आली. त्याच हत्यारांनी तिने सिकॅनी चीफ नदीवरचा लाकडी पूल चार दिवसांच्या आत उभा केला. २५ ऑक्टोबर १९४२ ला बीव्हर क्रीकजवळच्या जंगलात ९७व्या रेजिमेंटचे रेफाइन्स सिम्स आणि १८व्या रेजिमेंटचे आल्फ्रेड जालुफ्का, एक काळा आणि एक गोरा, आपापले बुलडोझर घेऊन समोरासमोर आले आणि रस्ता जुळला. त्या क्षणाचा फोटो गाजला. पण काळे आणि गोरे सैनिक वेगवेगळ्या तुकड्यांतच ठेवण्याची प्रथा बंद करण्याचा आदेश अध्यक्ष ट्रूमन यांनी काढला तो १९४८ मध्ये.

युद्ध संपले तेव्हा हा रस्ता कशासाठी ठेवायचा, असा प्रश्नच उभा राहिला. इथे दुसरा आणि अधिक वजनदार आक्षेप येतो: रस्त्याचा युद्धाला फारसा उपयोग झाला नाही, अलास्काचा बहुतेक माल समुद्रानेच गेला, मग त्याला लष्करी वारसा म्हणणे अतिशयोक्ती नाही का? आक्षेपातली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. उपयोग थोडा झाला म्हणूनच पुढे तो रस्ता प्रवाशांच्या वाट्याला आला, आणि आला तो लष्कराच्याच हातून. १ एप्रिल १९४६ ला अमेरिकेने कॅनडाच्या भूमीतला भाग कॅनडाला सोपवला आणि कॅनडाने तो आपल्या सैन्याच्या इंजिनिअरांकडे दिला. ते १९६४ पर्यंत त्याची देखभाल करत होते. सुरुवातीला सामान्य माणसाला परवान्याशिवाय जाताच येत नव्हते. १९४८ मध्ये बंधन उठले, आणि पुढच्याच वर्षी ‘द माइलपोस्ट’ ही मार्गदर्शिका निघाली. कोणत्या मैलावर पेट्रोल, कोणत्या मैलावर जेवण, कुठे पंक्चर काढून मिळेल हे ती मैलामैलाने सांगे, आणि अजून दर वर्षी निघते. पन्नाशीच्या दशकात उन्हाळी सुटीवर निघालेले कुटुंब, म्हणजे, सैन्याने बांधलेल्या आणि सैन्यच राखत असलेल्या रस्त्यावरून जात होते.

चाकांवरचे घर घेऊन हिंडण्याची हौस मात्र युद्धाची देणगी नाही, हे मान्य केलेच पाहिजे. टिन कॅन टुरिस्ट्स ही संघटना फ्लोरिडात १९१९ मध्येच स्थापन झाली होती. मोटारीत कुत्रे बसवण्याची परंपरा त्याहून जुनी: १९०३ मध्ये होरेशियो नेल्सन जॅक्सन यांनी मोटारीने अमेरिका पहिल्यांदा आरपार ओलांडली, तेव्हा वाटेत घेतलेला बड नावाचा कुत्रा डोळ्यांवर चष्मा चढवून त्यांच्याबरोबर न्यूयॉर्कला पोचला. जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये चार्ली या पूडलला घेऊन कॅम्परमधून निघाले आणि १९६२ मध्ये त्यांचे पुस्तक आले. ते अलास्काला गेले नव्हते, तरी माणूस-कुत्रे-कॅम्पर हे चित्र त्या पुस्तकाने घरोघरी नेले. पण दक्षिणेकडे कॅम्पर ही आवड होती, तिथे दर काही मैलांवर मोटेल उभे होते. अलास्का हायवेवर ती गरज होती. धावपट्ट्या जोडणारा रस्ता गावे जोडत नाही, कारण गावे तिथे नव्हतीच. सैन्याच्या तळांच्या जागी मोजकी विश्रामगृहे उभी राहिली, त्यांच्यामधले अंतर मोठे, आणि कॅनडातला बराचसा रस्ता सत्तरीच्या दशकापर्यंत खडीचा. पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेल्या दगडाने काच तडकणे हे ठरलेलेच. लोक दिव्यांना जाळी लावत, धूळ आत येऊ नये म्हणून फटी चिकटपट्टीने बंद करत. जो आपले अंथरूण, अन्न, पाणी आणि हत्यारे सोबत नेईल तोच निश्चिंत. कुत्र्याचेही तसेच. रस्ता येण्यापूर्वी उत्तरेत टपाल आणि औषधे कुत्र्यांच्या गाड्यांनी जात. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम शहरात घटसर्पावरचे प्रतिविष त्यांनीच पोचवले. ट्रक आले तसे ते काम हळूहळू गेले आणि कुत्रे सोबती म्हणून सीटवर बसले. अस्वलांच्या मुलखात रात्री बाहेर कोण आहे हे आधी तेच सांगते, एवढे जुने काम मात्र त्याच्याकडे राहिले.

या सगळ्यात सर्वांत मोठी किंमत मोजली ती ज्यांच्या जमिनीवरून रस्ता गेला त्यांनी. सैन्याला वाट दाखवणारे वाटाडे तिथलेच आदिवासी होते. त्यांच्या पायवाटा आणि घोड्यांच्या वाटा वापरल्या गेल्या. त्यांची परवानगी कुणी घेतली नाही. १९४२-४३ च्या हिवाळ्यात टेस्लिनच्या ट्लिंगिट वस्तीत गोवर, कावीळ, डांग्या खोकला, मेंदूज्वर अशा साथी एकामागून एक आल्या, आणि त्यांची नोंद अमेरिकी सैन्याच्याच डॉक्टरने करून ठेवली आहे. क्लुआनीच्या परिसरात शिकारीवर ताण पडला, तेव्हा १९४३ मध्ये सरकारने तो भाग अभयारण्य केला आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे शिकार करून जगणाऱ्या दक्षिणी टचोनी लोकांनाच बंदी घातली. आज प्रवासी क्लुआनीच्या पर्वतांसमोर गाडी थांबवून जे निर्मनुष्य सौंदर्य डोळे भरून पाहतो, त्यातली निर्मनुष्यता बऱ्याच अंशी त्या बंदीने घडवलेली आहे. रस्त्याने या लोकांना दवाखाने, मजुरी आणि बाजारही दिला, असे उत्तर दिले जाते. दिला, यात शंका नाही. पण नदीकाठची जुनी ठाणी ओस पडून माणसे रस्त्याकडेला आली ती निवड त्यांनी मोकळेपणाने केली असे म्हणता येत नाही, आणि दवाखान्याच्या बदल्यात शिकारीचा हक्क काढून घ्यावाच लागतो असाही काही नियम नाही.

सुटीवर निघालेल्या माणसाने हे ओझे कशाला वाहायचे, असे कुणी विचारील. दरवर्षी मुंबई-पुण्याहून लेहला जाणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांनाही हा प्रश्न लागू आहे. तेही १९६० मध्ये स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेच्या, सैन्यासाठी राखलेल्या रस्त्यावरूनच जातात. मला वाटते, प्रवाशाने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. पण रस्ता कुणी, कुणासाठी आणि कुणाच्या जमिनीवर बांधला हे न जाणता त्याला ‘अस्पर्श’ म्हणणे म्हणजे राबलेल्यांना आणि हटवलेल्यांना दुसऱ्यांदा पुसणे आहे. याच रस्त्यावर हेन्स जंक्शनला शँपेन आणि ऐशिहिक या आदिवासी लोकांचे सांस्कृतिक केंद्र आता उभे आहे. त्यांचा जमिनीचा करार १९९३ मध्ये झाला, क्लुआनीच्या लोकांचा २००३ मध्ये, आणि क्लुआनीच्या राष्ट्रीय उद्यानात शिकार करण्याचा हक्क या करारांनी त्यांना परत दिला. अमेरिका-कॅनडात राहणारी जी मराठी कुटुंबे हा प्रवास करतील त्यांनी तिथे एक दुपार काढावी, आणि तो इतिहास त्या लोकांच्या तोंडून ऐकावा. पुढे डेल्टा जंक्शनच्या अलीकडे गर्स्टल नदीवर मोठा लोखंडी पूल लागतो. १९९३ मध्ये अलास्काने त्याला कृष्णवर्णीय सैनिकांच्या स्मरणार्थ ‘ब्लॅक व्हेटरन्स मेमोरियल ब्रिज’ हे नाव दिले.